तात्यांचं मागचं संगीत

कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चर काढणारे दगडूतात्या मोबाईल पालथा ठेवून सिनेमा बघायचे. बघायचे म्हणजे डोळे मिटून ऐकायचे. गाणं लागलं की ते पुढे ढकलायचे. त्यांना हवं असायचं ते बोलण्यामागे वाजणारं संगीत.

“गाणं सांगतं, रडा. ह्ये मागचं काय सांगत न्हाई. गुमान येतं आन काळजाला हात घालतं.”

व्हायोलिन सुरू असेल तर तात्या चाकाला हात लावत नसत. “थांबा, पोरगी सासरी निघालीया. येशीपतुर जाऊ द्या तिला.” एकदा टोमॅटोचा टेम्पोवाला ओरडला, “माझा माल नासतोय!” तात्यांनी त्याला स्टूल दिलं. दहा मिनिटांनी तोही नाक ओढत होता.

मी भोरहून पुण्याला नोकरीला जातो. एके सकाळी माझ्या मोटरसायकलचं चाक बसलं. मला उशीर होत होता आणि तात्या डोळे मिटून ढसाढसा रडत होते. मी त्यांचा व्हिडिओ काढला आणि ‘पंक्चर काढताना हवा गेली’ असं लिहून ग्रुपवर टाकला. दोनशे माणसं हसली. मला बरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर दुकानात नुसता कंप्रेसर वाजत होता.

“तात्या, सिनेमा बंद?”

“कुणीतरी माझा व्हिडू टाकला. लोक हसले, त्याचं काय न्हाई. पण गावातल्या कुणीतरी घरी जाऊन सांगितलं, म्हातारा दुकानात रडतोय.” त्यांनी पाना खाली ठेवला. “आमच्या मंडळींची नजर गेली आठ वरसांमागं. पिक्चर लावला की इचारायच्या, आता काय झालं? मला धड सांगता यायचं न्हाई. मंग म्या बी डोळं झाकून ऐकाय लागलो. म्हनलं, त्यांना जेवढं कळतं तेवढंच मला कळू दे. आता त्या म्हनत्यात, तुमी माझ्या पायी रडताय. धड जेवत न्हाईत.”

“तात्या... तो व्हिडिओ मी टाकला.”

“ठावं हाय. कडंला तुमची गाडी दिसती.” ते रागावले नाहीत, तेच अवघड गेलं. “घरी चला. त्यांना सांगा, म्हातारा पिक्चरातल्या बाजामुळं रडत हुता, त्यांच्यामुळं न्हाई. माझ्यावर इस्वास न्हाई त्यांचा.”

त्याच संध्याकाळी तात्यांबरोबर त्यांच्या गावी, मार्गासनीला गेलो. काकू उंबऱ्याशी लसूण सोलत होत्या. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी ते माझ्यापायी रडत न्हाईत? खरं सांगा.”

मी तात्यांकडे पाहिलं. ते दाराशी पाठ करून उभे होते आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तोंडात टॉवेलचा बोळा धरला होता.

“खरं, काकू,” मी म्हणालो.