दोन बहिणींची तेरा पिल्लं

तीन महिने उलटले तरी पोपिंगांच्या जेवणघरातल्या जोडप्याचा पाळणा काही हलत नव्हता. टेबलाची अर्धी जागा अडवून बसलेल्या काचेच्या पेटीत दोन जर्बिल होते, झुपकेदार शेपटीचे वाळवंटी उंदीर. एक थोराड आणि तपकिरी, दुसरं लहानखुरं आणि करडं. दिवसभर पुठ्ठे कुरतडायचे, भुसा उपसायचे आणि दमले की एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपायचे. पोपिंगा रोज सकाळी वहीत लिहायचे, "प्रगती नाही."

"झोपलेत बिचारे," त्यांच्या पत्नी तेडाबाई म्हणायच्या. "तू चहा घे, गार होतोय."

वियार्ड पोपिंगा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. दोन बिंदूंमधलं अंतर मोजण्यात त्यांची हयात गेली होती, आणि जर्बिलमध्ये नर-मादी ओळखायची तीही अंतरावरूनच. शेपटीखालची दोन छिद्रं दूर असली तर नर, जवळ असली तर मादी. जर्मनीतल्या लेअर गावच्या प्राणीपालक मंडळात बाकीचे लोक जनावर उजेडात धरून "वाटतंय तर नर" असं म्हणायचे. पोपिंगांनी पितळी कंपास आणला, एका जुन्या पुस्तकातलं कोष्टक पाठ केलं आणि ते मंडळाच्या फेब्रुवारीच्या बाजारात टेबल मांडून बसले. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर मादी, त्याच्यावर नर. खाली सही आणि तारीख. त्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठीशिवाय मंडळात जर्बिल विकलं जाईना.

स्वतःची जोडीही त्यांनी त्याच बाजारातून, स्वतःच मोजून आणली होती. पेटीत मधोमध जाळी लावून दहा दिवस दोघांना एकमेकांचा वास ओळखीचा करून दिला, मग जाळी काढली. भांडण नाही, चावाचावी नाही. सगळं कसं शास्त्राप्रमाणे झालं होतं. फक्त पिल्लं होत नव्हती.

मे महिन्यातल्या एका रविवारी शेजारच्या जान्सेनबाई आल्या. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलायला रोखठोक. त्यांनीही फेब्रुवारीत दोन बहिणी घेतल्या होत्या, एक काळी, एक पिवळसर. "मला पिल्लंबिल्लं नकोत," असं त्यांनी चारचारदा बजावलं होतं, तेव्हा पोपिंगांनी दोघींना मोजून चिठ्ठी दिली होती.

"पोपिंगासाहेब," खुर्चीत बसता बसता जान्सेनबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला सात झाली."

"माझ्या बहिणीला?"

"काळीला. सकाळी बघते तर भुशात सात शेंगदाणे वळवळतायत."

पोपिंगांनी कप बशीत ठेवला. "ती आणतानाच गाभण असणार."

"तीन महिन्यांपूर्वी? अन् पाच आठवड्यांची असताना?"

"जर्बिलची मादी गर्भ थोपवून धरू शकते. शास्त्रात नोंद आहे." नोंद होती, ती थोड्या दिवसांची होती, पण एवढ्या तपशिलात शिरायची ती वेळ नव्हती. "आणि दुसरीला वेगळी काढू नका. मावशीची मदत होते बाळंतिणीला."

"मावशी मदत करतेय खरी," जान्सेनबाई म्हणाल्या. "पिल्लांवर पांघरूण घालून बसते. गुणाची आहे."

पोपिंगा समाधानाने हसले. तेडाबाईंनी खडीसाखरेचा एक खडा जान्सेनबाईंच्या कपात टाकला.

पंचवीस दिवसांनी जान्सेनबाई आल्या त्या बेल न वाजवता, मागच्या दाराने आणि पेटी घेऊन.

"आणखी सहा," त्या म्हणाल्या. "पुन्हा काळीलाच. आता हिने किती थोपवून धरलेत तेवढं एकदा सांगा, म्हणजे मी तेवढ्या पेट्या आणते."

पोपिंगांनी कंपास काढला.

"तो ठेवा बाजूला. नुसत्या डोळ्यांनी बघा." त्यांनी पिवळसर मावशीला ओंजळीत घेऊन अलगद उताणं केलं. शेपटीखाली मावशीने काहीही लपवलेलं नव्हतं.

"हं," पोपिंगा म्हणाले.

"मावशी म्हणे. मी हिला बाळंतिणीची मदत म्हणून भोपळ्याच्या बिया चारत होते."

"एखादी चूक होते, जान्सेनबाई. शंभरात एक. हे तेवढं आपल्या दोघांत राहू द्या. येत्या शनिवारी मंडळात माझं व्याख्यान आहे."

"माहितीये. पहिल्या रांगेत बसणार आहे मी," म्हणत जान्सेनबाईंनी पेटी उचलली.

त्या आठवड्यात पोपिंगांना जेवण गोड लागलं नाही. पण स्वतःच्या जोडीला उचलून पाहावं असं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा मोजून नकाशावर चढवलेली हद्द पुन्हा मोजायची नाही, हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व होतं. जोडी तरुण आहे, वेळ लागतो, एवढंच.

शनिवारी सभागृहात पस्तीस माणसं जमली. मंडळाचे अध्यक्ष फोल्कर्ट्स यांनी कुठूनसा कॅमेरा आणला होता. टेबलावर ठेवलेली वस्तू मागच्या पडद्यावर खाटेएवढी दिसायची. पहिल्या रांगेत जान्सेनबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. त्यांच्याशेजारी तेडाबाई.

"आधी नर," पोपिंगा म्हणाले आणि तपकिरी थोराड जर्बिल त्यांनी कॅमेऱ्यासमोर उताणं धरलं. पडद्यावर नर दिसला. कोणाच्या मनात शंका उरली नाही.

"आता मादी. फरक नीट बघा." त्यांनी करडीला उचललं. त्यांचा चेहरा लोकांकडे होता आणि पाठ पडद्याकडे. "दोन्ही छिद्रं कशी अगदी जवळजवळ आहेत, आणि मध्ये काहीही नाही."

मग मागून एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मध्ये बरंच काही आहे की हो."

पोपिंगांनी वळून पाहिलं. पडद्यावर करडी होती, आणि करडी करडा होता.

हसण्याचा पहिला लोंढा ओसरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. डोक्यात मात्र हिशेब जुळत होता. बाजारात हा किती आठवड्यांचा होता? पाच. मावशी? पाच. कोष्टक कुणासाठी होतं? पूर्ण वाढलेल्या जर्बिलसाठी. पाच आठवड्यांच्या पिल्लाचं शेपटीपर्यंतचं सगळंच लहान, मग अंतर कुठून मोठं येणार? त्यांच्या कंपासाखाली आलेलं प्रत्येक पिल्लू मादीच निघणार होतं.

कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसून खाली उतरता आलं असतं. पण चुकीची हद्द लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांतले ते नव्हते.

"मंडळी," पोपिंगा घसा खाकरून म्हणाले, "चूक एकट्या या जनावरात नाही. मी मोठ्यांचं माप लहानांना लावलं. फेब्रुवारीत ज्यांनी ज्यांनी माझ्या चिठ्ठीवर बहिणी नेल्या, त्यांनी घरी जाऊन एकदा बघावं."

आता कोणी हसलं नाही. एक खुर्ची सरकली, मग चार, मग निम्मं सभागृह कोट शोधू लागलं. अध्यक्ष फोल्कर्ट्स कोपऱ्यात फोनवर मेव्हणीशी हळू आवाजात बोलत होते. "तुला दिलेल्या त्या चौघी आठवतात? नाही, आताच्या आता वेगळ्या कर. किती म्हणालीस? सगळ्या भुशाखाली बघितलंस का?"

जान्सेनबाई मंचाशी आल्या. पोपिंगांनी मान खाली घातली. "ती तेरा पिल्लं मी घेऊन जातो, बाई. माझी जबाबदारी आहे."

"हात लावून बघा," जान्सेनबाई म्हणाल्या. "तेराही जणांची नावं ठेवून झालीत माझी."

घरी परतताना गाडीत तेडाबाई म्हणाल्या, "आपले दोन्ही नर आहेत, हे मला एप्रिलपासून माहीत होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. शिवाय दोन नर म्हणजे दोनच राहणार. मला जेवायला टेबल लागतं, वियार्ड."

सप्टेंबरच्या बाजारात मंडळाने टेबल पुन्हा मांडलं, पण या वेळी खुर्चीत तेडाबाई होत्या. पिल्लू तळहातावर घ्यायच्या, क्षणभर बघायच्या आणि सांगायच्या, "नर. मादी. मादी. हे अजून लहान आहे, तीन आठवड्यांनी आणा." शेजारच्या स्टुलावर बसून पोपिंगा चिठ्ठ्या लिहीत होते. दिवसभरात एकही चिठ्ठी परत आली नाही.

"बाई, तुम्हाला नुसतं बघून कसं कळतं?" रांगेतल्या एका नव्या सभासदाने विचारलं.

"तीन मुलांचे लंगोट बदललेत मी," तेडाबाई पुढचं पिल्लू उचलत म्हणाल्या. "हे तेव्हा मोजणीला गेलेले असायचे."