विहिरीवरचे इनोउए

गौतमभाऊंच्या दारावर 'गौतम इनोउए' अशी पाटी आहे. लोणावळ्याजवळच्या आमच्या गावात जपानी आडनावाचा हा एकच माणूस, आणि त्याने जपान पाहिलेला नाही.

पॉइंटचा रस्ता विचारायला एखादी गाडी थांबली की भाऊ आधी आडनावाचा अर्थ सांगतात, मग रस्ता. घाईतल्या लोकांना रस्ता मिळतच नाही. मी शेजारी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून माझं कपाट उतरत होतं, तेव्हाच मलाही तो अर्थ ऐकावा लागला.

भाऊ तळेगावकडच्या एका कारखान्यात जपानी साहेबांची गाडी चालवायचे. साहेबांचं आडनाव इनोउए. एकदा भाऊंनी अर्थ विचारला, तर साहेब म्हणाले, विहिरीच्या वर. तिकडे पूर्वी राहत्या जागेवरून आडनावं पडत. यांच्या पूर्वजांचं घर विहिरीच्या वरच्या अंगाला असणार.

"गाडी साइडला घेतली," भाऊ सांगतात. "म्हनलं, सायब, परत सांगा. ह्ये विहिरीच्या वर, आन् आमी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या खाली! वरच्यांनी पानी वतायचं, आमी वंजळ धरायची. तवाच ठरीवलं, ह्ये आडनाव आपलं."

ती विहीर आमच्या घरांसमोरच आहे. भाऊ रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या कठड्यावर बसतात. "पडाल, उतरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आडनाव वाचा, आडनाव!" रेशन दुकानदाराने एकदा चिडवलं, "भाऊ, आडनाव घेताना साहेबाची परवानगी घेतली का?"

"पान्यासाटी लय परवानग्या घेतल्या," भाऊ म्हणाले. "आता बास."

गेल्या ग्रामसभेत विषय निघाला. घरोघर नळ आलेत, तर विहीर बुजवून पर्यटकांच्या गाड्यांना पार्किंग करू. सगळ्यांना वाटलं, बुजवायच्या बाजूने पहिला हात भाऊंचाच वर होणार. भाऊ उठून म्हणाले, "आदी मला आत टाका, मग माती टाका." काहीजण हसले, भाऊ हसले नाहीत. विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी येताना मला रागच आला. "भाऊ, जिच्यापासून तुम्हाला लांब ठेवलं, तिचाच एवढा पुळका? मी असतो तर पहिलं घमेलं मीच ओतलं असतं!"

"मी बी वतलं असतं, सर. पन माजी आई हाय ना."

त्यांची आई नव्वदीला टेकली आहे. संध्याकाळी भाऊ तिला हाताला धरून विहिरीकडे नेतात, ते मी पाहत असे. फिरायला नेत असतील असं वाटायचं. म्हातारी खालच्या दगडापाशी थांबते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची थांबायची जागा तीच. भाऊ वर जाऊन हाक मारतात, ती नुसती मान हलवते.

"म्हनती, तू बस वर, मी हितनंच बघते," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अजून भ्या वाटतं तिला. ती एकदा वर यिऊ द्या सर, मग खुशाल बुजवा."