पलंगाखालची तालीम

सर निवृत्त झाले होते, पण त्यांचं शिकवणं काही थांबलं नव्हतं. त्यातच बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, एमआरआयच्या मशीनच्या तोंडापर्यंत जाऊन दोनदा घाबरून परत आल्या आणि सरांना घरबसल्या विद्यार्थिनी मिळाली. बाईंच्या कमरेतली कळ पार टाचेपर्यंत उतरत होती. ऑपरेशन करायचं की नाही, हे फोटो पाहिल्याशिवाय डॉक्टर सांगेनात.

"एकदा नीट समजून घेतलंस की भीती पळालीच," म्हणत सरांनी चुंबकापासून सुरुवात केली. बाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्या अंगातले अणू फिरवणार?"

"अगदी किंचित. परत जागेवर येतात."

"सगळे?"

सर अडखळले. (आपल्याला हे नक्की कळलंय ना, ही शंका त्यांना आयुष्यभर दर तासाला फळ्यासमोर यायची.) मग त्यांनी प्रात्यक्षिकच करायचं ठरवलं. पलंगाखाली चटई अंथरली, मशीनच्या आवाजासाठी बाईंना मिक्सर लावायला सांगितला आणि "बघ, किती सोपं असतं!" म्हणत स्वतः आत सरकले.

मिक्सर घरघरू लागला. आधी सरांना वाटलं, पलंग खाली येतोय. मग वाटलं, हवा संपत चालली. त्यात नाकाला खाज सुटली. खाजवायला हात उचलला, तर कोपर फळीवर आपटलं.

"बंद कर! बाहेर काढ मला!"

त्या आवाजात बाईंना वाटलं, सर अजून शिकवतायत. सवयीने त्यांनी मान डोलावली. शेवटी पलंगच हलायला लागला, तेव्हा मिक्सर बंद करून त्यांनी सरांना पाय धरून बाहेर ओढलं. डोक्याला जळमटं, घामाने चिंब, असे सर पाहून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"उद्याचीच वेळ घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही यातून वाचलात, मला काय होतंय!"

दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या मुलीने बाईंच्या हातात रबरी फुगा दिला. "आजी, भीती वाटली तर हा दाबा, मी लगेच थांबवते. आजोबा, तुम्ही पायाशी बसलात तरी चालेल."

सरांनी धीर द्यायला बाईंचं पाऊल घट्ट धरलं. ठकठक सुरू झाली. बाई डोळे मिटून अशा निवांत पडल्या होत्या की सर बघतच राहिले. एवढी हिंमत हिने आजवर कुठे ठेवली होती?

"आजी, फोटो हलतोय," माइकवरून आवाज आला. "पाय स्थिर ठेवा."

"पाय माझा आहे गं, हलणं ह्यांचं आहे," आतून उत्तर आलं. "आधी ह्यांना बाहेर काढ!"

सर बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. "आत काय करतात हो?" त्यांनी विचारलं. सरांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, आपल्या शरीरातला हायड्रोजन..." पर्सवाल्या बाई उठून बाहेरच्या दाराकडे निघाल्या.

तेवढ्यात मशीनच्या खोलीतून बाई बाहेर आल्या. फोटो झाले होते, तेही स्वच्छ. त्यांनी पर्सवाल्या बाईंना हाताला धरून बसवलं. "काही नाही हो. डोळे मिटायचे आणि पडून राहायचं. नुसता आवाज होतो. दुखत नाही, खुपत नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"छे! घाबरायला मी ह्यांना आणलं होतं ना."