एक येनचा भार

रेकॉर्ड प्लेअरच्या टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या टोकाला, सुईच्या बरोबर वर, एक येनचे नाणे तपकिरी चिकटपट्टीने चिकटवलेले होते. पट्टीच्या कडा वाळून वर वळल्या होत्या आणि त्यांत धूळ बसली होती. हिसाएने ते नखाने उचकटले, टोक स्पिरिटने लख्ख पुसले आणि नाणे गल्ल्यात टाकले. वर्षअखेरची मोठी साफसफाई चालू होती. तिचा नवरा तात्सुओ मोडेल ते चिकटवणारा माणूस. तो जाऊन चार वर्षे झाली, तरी त्याच्या चिकटपट्ट्या काही संपत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या 'मिमिझुकू' कॉफीघरात पहिलीच रेकॉर्ड लावली आणि सुई बेडकासारख्या उड्या मारू लागली.

कोपऱ्यातल्या ठरलेल्या खुर्च्यांवर ठरलेली दोन माणसे होती. मुलाच्या हाती वस्तरा देऊन मोकळे झालेले केशकर्तनकार ओनोदेरा आणि दातांचे डॉक्टर उसुई. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मफलर गुंडाळले आणि ते बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले. रेकॉर्ड चालू असताना आत बोलायचे नाही, हा तात्सुओचा नियम. त्याच्या हातची पाटी अजून भिंतीवर होती.

"गेला," ओनोदेरा म्हणाले. "टोनआर्म सांध्यात झिजलाय."

"हळू बोला. वहिनींनी ऐकलं तर आपणही गेलो."

कारण हिसाएची मुलगी मिओ दर डिसेंबरात फोन करून विचारायची, दुकान बंद करून सेंदाईला राहायला कधी येतेस? आणि हिसाए दरवेळी म्हणायची, बाबांचा टोनआर्म चालतोय तोवर चालू दे, मग बघू. एका कॉफीवर अख्खी दुपार बसू देणारे दुसरे ठिकाण मोरिओकात नाही, हे दोघांना पक्के ठाऊक होते.

"माझ्याकडे एक जुना आहे," ओनोदेरा म्हणाले. "सरळ. चांगला लांब."

"इतका लांब, की सुई आत आणि शेपूट रस्त्यावर. त्यापेक्षा माझा बसवू. तो जरा वळणदार आहे."

"वाकडा म्हणा की."

वाद घालायला बाहेर आणि उड्या ऐकायला आत, असे त्यांचे बराच वेळ चालले. हिसाएला काचेतून फक्त हलणारे ओठ आणि तोंडातून निघणाऱ्या वाफा दिसत होत्या. शेवटी ओनोदेरांना लागोपाठ शिंका आल्या आणि वळणदार टोनआर्म जिंकला.

दुसऱ्या दिवशी उसुई दवाखाना लवकर बंद करून आपली पेटी घेऊन आले.

"जुना काढायचा नाही," हिसाए म्हणाली. "मागे जागा आहे, तिथं बसवा."

उसुईंनी कपाळावर दिवा बांधला आणि लाकडात भोक पाडायला घेतले. "घाबरायचं नाही हं, झालंच," ते सवयीने पुटपुटले.

"आता त्याला चूळ भरायला सांगा," ओनोदेरा म्हणाले.

टोनआर्म बसला. राहिला सुईचा भार, म्हणजे ती रेकॉर्डवर किती ग्रॅमने टेकते ते मोजून ठरवणे. हिसाएने कॉफी मोजायचा काटा आणून ठेवला.

"या काट्यावर माझा विश्वास नाही," ओनोदेरा म्हणाले. "चार वर्षं कॉफी पातळ लागतेय."

"मग आधी काटाच तपासू," उसुई म्हणाले. "वहिनी, एक येनचं नाणं द्या. ते नेमकं एक ग्रॅमचं असतं."

तिने गल्ल्यात सगळ्यांत वर पडलेले नाणे दिले. काट्याने एक पूर्णांक एक दशांश ग्रॅम दाखवले.

"बघा, म्हटलं नव्हतं?" ओनोदेरा म्हणाले.

हिसाएने नाणे उलटून पाहिले. "काटा बरोबर आहे. खाली गोंद लागलाय."

"कसला गोंद?"

"यांच्या चिकटपट्टीचा. जुन्या टोनआर्मच्या टोकावर होतं हे. परवा साफसफाईत मीच काढलं."

ओनोदेरा नव्या भोकाकडे बघत राहिले. उसुईंनी कपाळावरचा दिवा विझवला.

हिसाएने खणातून तात्सुओची चिकटपट्टी काढली. नाणे जुन्या जागी लावले, रेकॉर्ड ठेवली आणि सुई खाली सोडली. सुई खाचेत बसली ती हललीच नाही. पियानो सुरू झाला. असल्या वेळी तात्सुओ डोळे मिटून बसायचा. त्याला झोप लागली असे समजून ती त्याच्या हातातला कप काढून घ्यायला जायची, तर बोट कपाच्या कानावर ताल धरत असायचे.

परवा उचकटलेली पट्टी चांगली जुनी होती. म्हणजे टोनआर्म तात्सुओ असतानाच थकला होता. त्याने त्यावर एक नाणे चिकटवले होते आणि दुकान उघडे ठेवले होते. बस, एवढेच केले होते.

फोन वाजला. एरवी ती तो घेऊन बाहेर जायची. आज गल्ल्यापाशीच उभी राहिली. दोघेही खुर्चीत ताठ झाले. ओनोदेरांचे बोट सवयीने ओठांवर गेले.

"मिओ," ती म्हणाली, "मी सेंदाईला येत नाहीये. दुकान चालूच राहील. आणि जरा हळू बोल, इथं रेकॉर्ड लागलीय."