नमुना आजोबा

निरोगी वार्धक्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आराखडा मंत्र्यांसमोर मांडला जात होता, तेव्हा उपसंचालक खोलीच्या मागच्या टोकाला अंधारात बसून पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत होता. बोलत होत्या संचालिका. आराखडा त्याचा आणि आवाज त्यांचा, अशी त्या कार्यालयाची जुनी वाटणी होती आणि ती आता कोणालाच खटकत नसे.

आराखड्याचे चार भाग होते. उतारवयात माणूस पडू नये म्हणून काय करायचं, त्याने रोज चालावं म्हणून काय करायचं, डोळे, कान, रक्तदाब वेळच्या वेळी तपासले जावेत म्हणून काय करायचं, आणि चौथा भाग ‘सोबत’. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे कोणीतरी नेमाने जाऊन बसावं, एवढंच त्यात होतं. पहिल्या तीन भागांना कोणाची हरकत नव्हती. चौथ्यावर मात्र सगळे तुटून पडले होते. ‘सोबत मोजायची कशात, लिटरमध्ये?’ असं एकाने विचारलं होतं. म्हणून उपसंचालकाने मोजमापही बसवून दिलं. दर आठवड्याला आजी-आजोबांना फोन करून विचारायचं, सोबत्याला पाचपैकी किती गुण? पाच दिले की गरज भागली असं धरायचं आणि सोबत्याला पुढच्या गरजूकडे पाठवायचं. नियम बिनचूक होता. तो करताना उपसंचालक स्वतःवर बेहद्द खूश झाला होता.

तरीही हा भाग गळणार अशी लक्षणं होती, म्हणून त्याने शेवटचा उपाय केला. असल्या कार्यालयांत एक रीत असते. योजना चालेल की नाही हे पाहायला मनातल्या मनात एक माणूस उभा करायचा, त्याला वय द्यायचं, दुखणी द्यायची आणि प्रत्येक कलम त्याला लावून बघायचं. त्याला ‘नमुना’ म्हणतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘काल्पनिक’ असं लिहितात. या वेळी संचालिका म्हणाल्या, “फार गर्दी झालीय हो पडद्यावर. ती खालची ओळ उडवा.” त्याने ती उडवली.

पडद्यावर आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिंपी, तळमजल्यावर एकटेच राहतात. चार वाजले की शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत बसतात. चहाचे दोन कप काढतात, चहा एकातच ओततात आणि नंतर दोन्ही कप विसळून ठेवतात.

मंत्र्यांनी चष्मा काढून पुसला.

“मला यांना भेटायचंय,” मंत्री म्हणाले. “सोमवारी. यांना भेटतो आणि मग चौथ्या भागाचं काय ते ठरवतो.”

“अवश्य, सर!” संचालिका म्हणाल्या.

मंत्र्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत उपसंचालकाने कसाबसा धीर धरला. “मॅडम, तुम्ही अवश्य म्हणालात?”

“मंत्र्यांना दुसरं काय म्हणतात?”

“पण असे आजोबा नाहीयेत! ते नमुना आहेत!”

“मग आणा,” संचालिका म्हणाल्या. “एवढा मोठा देश आहे, एक म्हातारा नाही मिळणार?”

म्हातारे ढिगाने मिळाले, शिंपी मिळेना. एक मिळाले त्यांचं घर मुलं, सुना, नातवंडांनी नुसतं गजबजलेलं. ते म्हणाले, “एकटं राहायला मिळणार असेल तर आत्ता निघतो.” दुसऱ्यांचं मशीन होतं, खिडकी होती, पण बायकोही होती, आणि ती सोमवारपुरती शेजारी जाऊन बसायला काही केल्या तयार होईना. संध्याकाळी संचालिका डोकं धरून बसल्या.

“तुम्हाला हा माणूस सुचला तरी कुठून?”

“माझे वडील शिंपी होते,” उपसंचालक म्हणाला.

“होते?”

“म्हणजे, आहेत.”

अण्णा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. एका बसचं अंतर, पण त्या बसमध्ये बसायला उपसंचालकाला सवड मिळत नसे. देशातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची काळजी एकट्याच्या डोक्यावर. त्यात एकाच म्हाताऱ्यासाठी वेगळा वेळ काढायचा म्हणजे पक्षपातच की. रविवारी तो फोन करी. “बरंय ना?” “बरंय.” “ठेवू?” “ठेव.” असं त्यांचं मनमोकळं बोलणं होई.

दार उघडून अण्णा बघतच राहिले. गळ्यात मोजमापाची टेप तशीच होती. हात नकळत दाराच्या कडीवर गेला.

“छोटू? कोण गेलं रे?”

“कोणी नाही गेलं, अण्णा. सहज आलो.”

“सहज?” अण्णांनी त्याच्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मागच्या वेळी नळ गळत होता म्हणून तो प्लंबरला घेऊन आला होता, आणि प्लंबरच्या आधी निघून गेला होता. “आत ये, आत ये. बस. उभा काय राहिलास परक्यासारखा?”

बावन्न वर्षांचा, सहा फूट उंच छोटू लहानपणीच्या स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. अण्णांनी मध्येच चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे मी करायचं काय?”

“एकट्या म्हाताऱ्याचं काम. कोणाची तरी वाट बघणाऱ्या.”

अण्णांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. “नाटकात कधी काम केलं नाही रे मी,” ते म्हणाले. “पण जमेल तसं करतो.”

ते चहा टाकायला आत गेले. उपसंचालक मागोमाग गेला आणि ओट्यापाशी थबकला. दोन कप बाजूबाजूला काढून ठेवले होते. त्यातला दुसरा होता कान तुटलेला, निळ्या काठाचा, त्याचाच शाळेतला. शाळा सुटून तो घरी येई तेव्हा अण्णा खिडकीत असत आणि त्या कपात त्याचं दूध तयार असे. पडद्यावरचे ते दोन कप आपण कल्पनेतून काढले असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

“हे कप मी आत्ताच काढले हां,” अण्णा घाईघाईने म्हणाले. “तू नाटकाचं बोललास ना, म्हणून.”

पण कपाला धुळीचा कणही नव्हता आणि तो ओलसर होता. घरातला तो गरम इस्त्रीचा वास, मशीनची ती टकटक, हे सगळं आपण किती वर्षं मनात कोंडून ठेवलं होतं, हे त्याला त्या ओट्यापाशी उभं राहून कळलं. “साखर कुठेय?” त्याने विचारलं. अण्णांना उत्तर द्यावं लागलंच नाही. त्याचा हात आपोआप बटणांच्या डब्यामागे गेला होता.

शनिवारी कार्यालयाची माणसं आली आणि योजना जणू आधीच पोचली आहे असं घर दिसायला लागलं. न्हाणीघरात धरायला दांड्या बसल्या, जमिनीवर न घसरणाऱ्या चटया आल्या. अण्णांनी दांडी ओढून पाहिली. “मजबूत आहे. पँट वाळत घालायला उत्तम.” आहारतज्ज्ञ बाईंनी साखरेचा डबा उचलून नेला, अण्णांनी तो त्यांच्या पिशवीतून परत काढून घेतला. या सगळ्या धामधुमीवर देखरेख करायला उपसंचालक शनिवारभर तिथे होता, रविवारभर होता, आणि रात्री तिथेच झोपलाही. अण्णा त्याला मशीनवर बसवून शर्टाचे जुने किस्से सांगत होते आणि तो पोट धरून हसत होता.

सोमवारी सकाळी तालीम सुरू झाली आणि पंचाईत झाली.

“अण्णा, खिडकीत बसा. बाहेर बघा. चेहरा जरा उदास ठेवा.”

अण्णांनी प्रयत्न केला. दात दिसले.

“अहो, हसताय काय? कोणी येत नाही तुमच्याकडे, असं दाखवायचंय!”

“दाखवलं असतं रे,” अण्णा ओशाळून म्हणाले. “चार दिवसांपूर्वी आला असतास तर फक्कड जमलं असतं. आज कसं जमायचं? तू समोर बसलायस.”

उपसंचालक उठून स्वयंपाकघरात गेला. तोंडावर पाणी मारलं, बाह्या वर केल्या आणि तिथेच थांबला. संचालिकांनीही त्याला तेच बजावलं होतं. “मंत्री आले की आतच राहा. तुमचं आणि अण्णांचं नाक एकच आहे.”

मंत्री आले. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्याच नजरेत सांगितलं, “कोटाचा डावा खांदा उतरलाय साहेब. शिवणाऱ्यानं घाई केलीय.” मंत्री चकित झाले, तो खांदा त्यांनाही खुपत होता, पण आजवर कोणी तसं बोललं नव्हतं. गप्पा रंगल्या. संचालिकांचा जीव भांड्यात पडतोय तोच अण्णांनी सवयीने हाक मारली, “छोटू, चहा आण रे!”

छोटू चहा घेऊन बाहेर आला. येईल नाही तर काय करील?

“हे कोण?” मंत्र्यांनी विचारलं.

संचालिका लगबगीने पुढे झाल्या. “हा, सर, हा सोबती! चौथ्या भागातला. प्रायोगिक तत्त्वावर नेमलाय.”

“वा! काय करतो हा, आजोबा?”

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. डोळे मिश्कील झाले होते, पण आवाज सरळ होता. “येतो. बसतो.”

“पण काम काय करतो?”

“तेच काम, साहेब.”

मंत्री खूश झाले. “आणि येतो कधी कधी?”

“त्याच्या सवडीनं. ठरलेलं असं काही नाही.”

तेवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या मावशी आत आल्या. बाहेर लाल दिव्याची गाडी उभी असताना त्या घरात बसून राहणं शक्यच नव्हतं. “अगंबाई, छोटू! किती दिवसांनी रे! नळ गळत होता तेव्हाचा गेलास तो आज उगवलास? आणि तेव्हा तरी थांबलास कुठे? तुझ्यापेक्षा तो प्लंबर जास्त वेळ बसला. हा बिचारा माणूस रोज चार वाजता दोन कप काढून बसतो इथं!”

उपसंचालकाने हातातला ट्रे मशीनवर ठेवून दिला. मंत्री हळूहळू उभे राहिले.

“नेमलेला सोबती ना तू? लाज नाही वाटत?”

“वाटते, सर,” उपसंचालक म्हणाला, आणि इतकं खरं तो सरकारी नोकरीत कधी बोलला नव्हता.

“ही योजना आहे की चेष्टा? लिहून घ्या! चौथा भाग मंजूर. आणि हा माणूस दर गुरुवारी चार ते सहा इथे बसलेला दिसला पाहिजे. फोन बंद करून. माझ्या कार्यालयातून आजोबांना फोन जाईल, गुण विचारायला. कळलं?”

“अवश्य, सर,” संचालिका म्हणाल्या.

अशा रीतीने उपसंचालकाला स्वतःच्या वडिलांकडे जाण्याचा लेखी आदेश मिळाला. दर गुरुवारी तो फोन बंद करून स्टुलावर बसू लागला. अण्णा त्याच्या कमरेला टेप लावत आणि मान हलवत. “दोन बोटं वाढलीस. देशाला चालायला सांगतोस, स्वतः कधी चालणार?” मग दोघे कोपऱ्यापर्यंत फिरून येत. बुधवार संध्याकाळपासूनच त्याचं कामात लक्ष लागेनासं झालं. गुण मात्र पडत तीन. कधीच तीनच्या वर नाही.

“तीनच का हो, अण्णा?” त्याने एकदा दुखावून विचारलं.

“सुधारणेला वाव आहे,” अण्णा म्हणाले.

हे तीन गुण मंत्र्यांच्या कार्यालयात साठत गेले आणि एक दिवस आदेश आला. सोबती असमाधानकारक, त्याला हटवून प्रशिक्षित सोबती नेमावा. प्रशिक्षणाचा कार्यक्रम उपसंचालकानेच आखला होता. आता या आदेशाखालीही त्यालाच सही करावी लागली.

त्या गुरुवारी चार वाजता तो कार्यालयाच्या खिडकीशी उभा होता. समोर फक्त वाहनतळ. आत्ता तो नवा माणूस आपल्या स्टुलावर बसला असेल, त्याला शर्टाचे किस्से ऐकायला मिळत असतील, आणि तो कप? कप कुठला दिला असेल? त्याने शिपायाला चहा आणायला सांगितला. दोन कप आले, कारण संचालिका खोलीत असतील असं शिपायाला वाटलं होतं. उपसंचालक त्या दुसऱ्या कपाकडे पाहत राहिला. चहावर साय धरली. मग त्याने रजेचा अर्ज टेबलावर टाकला आणि बस पकडली.

दारात प्रशिक्षित सोबती चपला घालत होता. चेहऱ्यावर कृतार्थ भाव होता. “आजोबांनी पहिल्याच दिवशी पाचपैकी पाच दिले!” तो म्हणाला. “पूर्ण बरे झाले म्हणे. नियमाप्रमाणे आता मला दुसरीकडे जायला हवं.”

उपसंचालक आत आला. अण्णा खिडकीतच होते.

“गुणी पोरगा आहे,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “व्यायाम काय छान करून घेतो! पाच दिले बिनधास्त. आता इथली जागा रिकामी झाली, काय करणार?”

“अण्णा, तो नियम तुम्हाला कोणी सांगितला?”

“तूच. त्या पहिल्या शनिवारी. फार खूश होतास त्याच्यावर.”

उपसंचालकाचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम आवरेना. तो आत गेला, बटणांच्या डब्यामागून साखर काढली आणि चहा टाकला. निळ्या काठाचा कप फळीवर उपडा होता, नव्या माणसाला दिलेलाच नव्हता. तो त्याने सुलटा केला आणि या वेळी दोन्ही कप भरले.

“आज बरा झालाय चहा,” एक घोट घेऊन अण्णा म्हणाले. “किती वेळ आहेस?”

“रजा टाकलीय.”

“बरं. पण गुण तीनच देईन हां मी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली. “ऊठ, कंबर बघू.”