कुठलं दार?

बायकोला मुलाखतीला बसने जाऊ द्यायचं नाही, मोटारसायकलवरून आपणच सोडायचं, असं मी सकाळी दाढी करता करता ठरवलं.

"बसचा काय भरवसा?" मी म्हणालो.

"आणि तुमचा?" ती म्हणाली, पण हेल्मेट घेऊन आली.

मुलाखत साधी नव्हती. रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायची नोकरी. लोक घाबरून ओरडत फोन करणार आणि हिने शांतपणे पत्ता विचारून गाडी पाठवायची. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून हिचा घरात जीव रमत नव्हता आणि आधीच्या दोन ठिकाणी नकार आला होता. ही नोकरी हिला मिळावी असं मलाही अगदी मनापासून वाटत होतं. (दिवसभर हिच्या सूचना दुसरं कोणीतरी ऐकेल, हा विचार मनात आलाच नाही असं मात्र म्हणवत नाही.)

माझा आत्मविश्वास ताजा होता. आदल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात दुचाकीच्या सुरक्षिततेवर एका गृहस्थांचं व्याख्यान झालं होतं. (निम्मं मी जागेपणी ऐकलं.) उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना एका दाराएवढं अंतर ठेवा, आत कोणी बसलंय का ते बघा, दार कधीही उघडू शकतं, असं त्यांनी बजावलं होतं. मी लगेच कामाची वाटणी केली.

"तू मागून मोटारींवर लक्ष ठेव. कोणी दार उघडतंय असं वाटलं की फक्त 'दार' म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

"मुलाखतीत बोललं तर चालेल ना?"

आम्ही निघालो. पहिला चौक पार केला आणि हिने कानात आरोळी ठोकली, "दार!"

मी कचकन ब्रेक दाबला. हिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. मागचे लोक हॉर्न वाजवत, माझ्या घराण्याविषयी काहीबाही बोलत पुढे गेले. एकाही मोटारीचं दार उघडलेलं नव्हतं.

"कुठलं दार?"

"आपलं! लावलं का तुम्ही?"

"मी? मला वाटलं तू लावलंस."

"मी तर आधीच खाली उतरले होते."

कडेला थांबून शेजारच्या काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "दार सताड उघडं आहे. पण काळजी करू नका, मी तुमच्याच सोफ्यावर बसलेय. पंखाही चालूच होता, बरं झालं."

बायकोने हेल्मेटचा पट्टा आणखी घट्ट केला. मी मुकाट्याने गाडी पुढे काढली.

मुलाखतीच्या ऑफिसच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या होत्या. हिने पुन्हा माझा खांदा घट्ट धरला. "दार!"

"अगं, काकू बसल्यात ना आत!" मी वैतागून म्हणालो.

समोरच्या मोटारीचं दार उघडलं. कसाबसा ब्रेक लागला आणि पुढचं चाक दारापासून वीतभर अलीकडे थांबलं. आतले गृहस्थ माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडलो. बायको खाली उतरली. त्यांना म्हणाली, "आधी आरशात बघायचं, मग दार उघडायचं." मला म्हणाली, "गाडी बंद करा, श्वास घ्या." मग केस नीट केले आणि चालत ऑफिसात गेली.

आता निदान गाडी तरी नीट लावू, असं मी ठरवलं. दोन मोटारींच्या मधली जागा हेरली, पहिला गिअर टाकला, साईड स्टँड लावला, हँडल लॉक केलं. सगळं व्याख्यानाबरहुकूम. खालची जमीन पक्की आहे का ते बघायचं होतं, पण ते बहुधा मी झोपलो होतो त्या भागात सांगितलं असावं. स्टँड भुसभुशीत मातीत हळूहळू रुतला आणि गाडी माझ्या अंगावर कलली. माझी पाठ एका चकचकीत मोटारीला टेकली, गाडी पोटाला. उचलावी तर ताकद नाही, सोडावी तर दोन्ही गाड्यांचा रंग जाणार.

वॉचमन जवळ आला. "साहेब, इथे गाडी लावायला मनाई आहे."

"मी कुठे लावलीय? धरलीय," मी म्हणालो.

तो हसत निघून गेला. मी तसाच अडकून राहिलो. मुलाखत संपवून बायको आली, तिने पलीकडून हँडल धरून ओढलं तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

"काय झालं?" मी धापा टाकत विचारलं.

"मिळाली नोकरी!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "इतक्या लवकर? काय काय विचारलं?"

"एकच प्रश्न. गोंधळात डोकं शांत ठेवायची सवय आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही. सगळ्यांना खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, ते आमचे मिस्टर."