एक पार झाला की तुम्ही मोकळे

तंजावरातले आमचे घरमालक झाडांचे आभार मानतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्यांनी मारलेला चेंडू चिंचेच्या खोडावर आदळून परत मैदानात आला, की ते हातातली काठी काखेत मारतात, चपला काढतात, चिंचेपाशी जातात आणि खोडावर तळहात ठेवून म्हणतात, "उदंड उपकार." चेंडू परत न येता पलीकडच्या कालव्यात गेला तरी आभार ठरलेले. "चिंच काय करील, कुलकर्णी? तिणें आपल्या परी अडवलें."

काठी म्हणजे गोल्फची काठी आणि मैदान म्हणजे गोल्फचं मैदान. तंजावरात गोल्फ कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. ओरत्तनाडूच्या रस्त्याला एका जुन्या कंपनीची वसाहत आहे. कंपनीच्या एका साहेबाला हौस होती, म्हणून चिंचा, कडुनिंब, आंबे आणि मोठमोठे रेन ट्री यांच्यामधून त्याने गवताच्या पट्ट्या काढून नऊ खळग्यांचं मैदान करवून घेतलं. साहेब गेला, कंपनीचं काम आटलं, पण मैदान राहिलं. आता तिथे चार-दोन निवृत्त अधिकारी, बगळे आणि आमचे घरमालक एवढेच नियमाने येतात.

त्यांचं नाव वेंकोबा राव. साऱ्या गल्लीचे राव मामा, म्हणून माझेही मामाच. त्याच कंपनीच्या भांडारखात्यात त्यांची नोकरी झाली. साहेबांच्या खेळात एकदा चौथा माणूस कमी पडला आणि मामांच्या हातात कुणीतरी काठी दिली. ती त्यांनी अजून खाली ठेवलेली नाही.

मामा तंजावरचे मराठी. "आम्ही राजांबरोबर आलों," असं ते अशा सुरात सांगतात, की कालच्या गाडीने उतरलेत आणि सामान अजून सोडायचंय असं वाटावं. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, पेपर तमिळ वाचतात, पण बोलायला बसले की माझे पणजोबा जी मराठी बोलत असतील ती तोंडातून येते, आणि तीही तमिळ हेलात. माझ्या मराठीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. "तिकडे तुमची भाषा फार बिघडली हो," असं ते आजाऱ्याची विचारपूस करावी तसं म्हणतात. मी 'चांगलं' म्हटलं की लगेच दुरुस्ती. "चोखट म्हणा. चांगलें कोणीही म्हणेल."

माझी विमा कंपनीतली नोकरी. बदली होऊन तंजावरला आलो तेव्हा बायको तिच्या शाळेमुळे सांगलीत राहिली, मुलीचं दहावीचं वर्ष होतं, म्हणून तीही. मी मामांच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच रविवारी उजाडताना दार वाजलं.

"कुलकर्णी, जेवण जालें का?"

हा तिथला नमस्कार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मामा, आत्ता कोण जेवतं?"

"मग चोखट. चला."

खाली मोपेड उभी होती. काठ्यांची पिशवी मी पाठीला लावायची आणि मागे बसायचं, असा बेत ठरूनच ते वर आले होते. कुठे जायचं, कशाला जायचं, हे त्यांनी भाताच्या शेतांमधून मोपेड हाकत मागे न बघता ओरडून सांगितलं. गोल्फमध्ये प्रत्येक खळग्याला फटक्यांचा आकडा ठरलेला असतो. जवळच्या खळग्याला तीन, लांबच्याला चार किंवा पाच. तेवढ्या फटक्यांत चेंडू आत गेला की त्याला 'पार' म्हणतात. मामांना आयुष्यात एक पार करायचा होता.

"अजून एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही!" मामा समोरून येणाऱ्या बसला उद्देशून ओरडले. "आणि साक्षी पाहिजे. एकल्यानें केला तर कोण मानील? एक पार जाला कीं तुम्ही मोकळे. मग रविवारीं खुशाल निजा."

माणूस सत्तरी ओलांडलेला, मागणी एवढीशी. मी हो म्हटलं. तीन-चार रविवारांत उरकेल, असा माझा अंदाज होता. त्यानंतर दोनदा कालव्याला पाणी सुटलं आणि दोनदा आटलं, तरी मी आपला दर रविवारी मोपेडवर.

मैदानावर पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "झारा द्या." मला वाटलं खायला काहीतरी आणलंय. मी पिशवीत डबा शोधू लागलो. मग कळलं की वाळूत रुतलेला चेंडू उकरून काढायची ती काठी म्हणजे झारा. लांब फटक्याची जाडजूड काठी म्हणजे मुसळ. मधल्या पल्ल्याची उलथणं. अगदी जवळून चेंडू ढकलायची ती पळी. खळग्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे ताट आणि खळगा म्हणजे वाटी. ही सगळी नावं मामींची. त्या मी यायच्या आधीच गेल्या. लुगडं नेसून, छत्री घेऊन त्या दर रविवारी मामांबरोबर नऊच्या नऊ खळगे चालत. त्यांनी काठीला कधी हात लावला नाही, पण परकी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून स्वयंपाकघरातली भांडी कामाला लावली. "तिणें नांवें ठेवलीं तीं चोखट ठेवलीं," मामा म्हणाले आणि मुसळ उचलून त्यांनी एका निरपराध आंब्याला चेंडू हाणला. मग अर्थात चपला काढल्या.

तर मामांची अडचण अशी, की चेंडू ताटात यायचा पण वाटीत जायचा नाही. मुसळ बरं चालायचं, उलथणं कधी कधी फारच सुरेख चालायचं. दोन फटक्यांत चेंडू वाटीपासून हातभर अंतरावर येऊन पडायचा, मी श्वास रोखून उभा राहायचो, आणि पळी हातात आली की मामांचं काहीतरी बिनसायचं. कधी वाटेत मुंगी असायची आणि तिला वाचवायला ते चेंडू बाजूने काढायचे. कधी ऐन वेळी शिंक यायची. कधी कोकीळ ओरडायचा. एकदा तर म्हणाले, "वारा कुंभकोणाकडून आला. तो वारा कोणास मानवत नाही."

आणि सबंध वेळ बोलणं. मैदानावर मामांच्या तोंडाला खळ नसे. कोणत्या चिंचेला कोणत्या वर्षी वीज लागली, मामी आंबटी कशी करत, कॅनडातला मुलगा फोनवर इंग्रजीतच का बोलतो, नातवाला मराठी कळते पण बोलायला लाजतो, सगळं. मी होला हो करायचो. मनातून मात्र मी रविवारच्या झोपेचा हिशेब मांडून बसलेलो असे.

मग तो 'पार, पार'चा दिवस आला.

कालव्याकाठचा जवळचा खळगा होता. तीन फटक्यांचा पार. मामा पुढे गेले होते आणि मी झाडीत हरवलेला दुसरा चेंडू शोधत मागे राहिलो होतो. तिथे गवत कापणारा मारिमुत्तू आणि त्याची बायको काम करत होते. एकदम मारिमुत्तू ओरडला, "पार! अंग पार! पार!"

माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं आणि बसपुरतं. शिवाय त्या मैदानावर पार या शब्दाला माझ्या लेखी एकच अर्थ होता. मी पिशवी टाकली, धावत सुटलो, मामांचा हात धरून गदागदा हलवला. "झाला! मामा, झाला! सुटलो एकदाचे! आता पुढच्या रविवारी नऊ वाजेपर्यंत पांघरूण काढत नाही बघा!"

मामांनी हात सोडवून घेतला. मारिमुत्तूची बायको पदराआड हसत होती. तमिळमध्ये पार म्हणजे 'बघ'. मारिमुत्तू तिला 'तिकडे बघ' म्हणत होता, कारण गावातलं एक लाल कुत्रं मामांचा चेंडू तोंडात धरून बांधावरून चाललं होतं.

मी पोट धरून हसलो. मामाही हसले, पण बेतानेच. उरलेले खळगे त्यांनी न बोलता संपवले. येताना मोपेडवरही गप्प. मला वाटलं, चेंडू गेला म्हणून हळहळताहेत.

पुढच्या रविवारी दार वाजलं नाही.

इतके दिवस हवी होती ती झोप आयती मिळाली होती, आणि मी आपला नेहमीच्या वेळी टक्क जागा. खाटेवर पडून जिन्यावरच्या पावलांची वाट बघतोय! शेवटी उठलो आणि खाली गेलो. मामांचं दार उघडं होतं.

पडवीच्या लाल फरशीवर एका टोकाला त्यांनी स्टीलचा पेला आडवा ठेवला होता. दुसऱ्या टोकाला मामा, हातात पळी. त्यांनी हलकेच चेंडू ढकलला. टण्. पेल्यात. चालत गेले, चेंडू काढला, परत आले. टण्. पुन्हा पेल्यात. मी दाराआड उभा राहून पाहत होतो, एकही चेंडू चुकला नाही. मुंगी नाही, शिंक नाही, कुंभकोणाचा वारा नाही. आणि मैदानावर ज्यांना शब्द पुरत नसत ते मामा एक अक्षर बोलत नव्हते.

मला सगळं कळायला जरा वेळ लागला. चेंडू वाटीत जात नव्हता असं नव्हे, मामाच तो इतके दिवस जाऊ देत नव्हते. सांगलीहून फोन करून बायको विचारायची, एकटं वाटतं का, आणि मी म्हणायचो, छे, वेळ कुठे आहे. तो वेळ कुणी भरून काढला होता, हे मी एकदाही मनाशी म्हटलं नव्हतं. त्या परक्या गावात कुणीतरी आठवडाभर माझी वाट बघत होतं, याहून मोठं भाग्य ते काय असतं?

मी खाकरलो. "मामा, जेवण झालं का?"

ते दचकले. पळी पाठीमागे लपवली. "कुलकर्णी! तुम्ही निजणार होतां ना?"

"उशीर झालाय. चला."

त्या दिवशी आम्ही पोचलो तोवर ऊन झाडांच्या आत आलं होतं. कालव्याकाठच्या त्याच खळग्यावर मामांनी मुसळ मारलं, चेंडू चिंचेवर आदळून नेमका मैदानात आला, चिंचेचे यथासांग आभार झाले. दुसरा फटका उलथण्याचा. चेंडू ताटात पडला, घरंगळला, आणि वाटीपासून वीतभर अंतरावर थांबला. पोरानेसुद्धा पायाने ढकलला तर आत जावा.

मामांनी पळी घेतली. वाकले. पुन्हा सरळ झाले. "आज हात कांपतो," म्हणाले. मग इकडे तिकडे पाहून, "मुंगी दिसते."

"मुंगी नाही, मामा."

"वारा..."

"वाराही नाही. घाला आत. पार झाला तरी मी येणारच आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.  मग त्यांनी पळी टेकवली आणि चेंडू आत ढकलला. वाटीत पडल्याचा छोटासा आवाज आला. मी टाळ्या वाजवल्या, पलीकडून मारिमुत्तूने कोयता उंच केला.  मामांनी खाली वाकून चेंडू काढला, धोतराला पुसला.

"ती होती तेव्हां उदंड पार केले," ते म्हणाले. "साहेबाहून अधिक केले. एकही नाही, हें तुम्हास खोटें सांगितलें."

"का हो?"

"केले म्हटलें असतें तर तुम्ही कशास आलां असतां?"

ते खरं होतं. आम्ही दोघं पुढच्या खळग्याकडे चालू लागलो. पिशवी त्यांनी आज माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्या खांद्याला लावली. रेन ट्रीच्या सावलीत आल्यावर ते थांबले. चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती.

"कुलकर्णी, पार तर जाला," ते म्हणाले. "आतां पुढल्या रविवारीं तुम्हास काय म्हणून उठवूं?"

"काही म्हणू नका, मामा," मी म्हटलं. "नुसती हाक मारा."